ढोलकाचा हात

तर्जनी तळहाताकडे वाकली आणि तिथेच राहिली. गाण्याचं तिसरं कडवं चालू होतं, बाबांनी वरचा सूर धरला होता, पेटी त्यांच्या मागोमाग जात होती, आणि माझा उजवा हात तबल्यावर मेलेल्या खेकड्यासारखा पडला होता. बोट उघडायला गेले तर उघडेना. डाव्या हाताने ओढून पाहिलं तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी ढोलक वाजवत बसलेल्या मामाने हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाला, "वाजव ना व. काहून थांबली?" मी हात वर करून दाखवला. त्याने पाहिला, मान फिरवली आणि ढोलक दुप्पट जोरात वाजवायला लागला, जसा काही तिथे तबला नव्हताच. पण ते गाणं आम्ही तबल्यावर बांधलं होतं. दोन ओळींत बाबांची लय सुटली, कोरसवाल्यांच्या टाळ्या मागेपुढे झाल्या, पेटी एकटीच थोडी पुढे गेली आणि तीही थांबली. भर दुपारी, अकोल्याच्या हॉलमध्ये, गायन पार्ट्यांच्या स्पर्धेत, आमची पार्टी गाण्याच्या मध्येच गप्प बसली. मागून कोणीतरी म्हणालं, "पोट्टीले बसवलं तबल्यावर, तं हेच होईन." लोक हसले. मी सोळा वर्षांची होते.

आमचं घर भातकुलीला, विहाराच्या मागच्या गल्लीत. बाबा गवंडी होते आणि गाणारे होते. आधी काय, असं विचारलं तर ते गाणारा म्हणायचे आणि माय गवंडी म्हणायची. जयंतीच्या दिवसांत आमची पार्टी गावोगाव जायची, एरवी लग्नं, नामकरणं, एखाद्या नव्या विहाराचं उद्घाटन. बाबा गायचे, त्यांचा चुलतभाऊ पेटीवर, मागे कोरसला दोघे, आणि ढोलकावर गुलाबमामा. हा मायचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न झालं नव्हतं आणि तो आमच्याकडेच राहायचा. घरात दिवसभर काही ना काही वाजत असायचं. बाबा कामावरून आले की थापी धुता धुता तिच्यावर बोटं मारत गुणगुणायचे. मायच्या भाकरी थापण्याला एक ठेका होता, तो तिला स्वतःला माहीत नव्हता, पण मामा अंगणात बसून त्यावर ढोलक धरायचा आणि माय चिडून हात थांबवायची. मग मामाही थांबायचा. "भाकर जळन तुही," ती म्हणायची. "भाकर तुही हाय बाई, माह्या तं ठेका हाय," तो म्हणायचा. कळण्याची भाकरी, पाट्यावरचा मिरचीचा ठेचा, दिवस आले की अंबाडीची भाजी, एवढंच आमचं जेवण. ते चांगलं होतं. मला चौथीनंतर शाळेतून काढलं, कारण मागची भावंडं सांभाळायला कोणीतरी पाहिजे होतं. त्याबद्दल रडायला मला तेव्हा वेळ नव्हता आणि आता गरज नाही.

अंजनगाव सुर्जीची एक पार्टी आपसांत भांडून मोडली आणि तिची तबल्याची जोडी बाबांकडे आली. शिसमाचा तबला, पितळेचा डग्गा, खाली ठेवायच्या दोन चुंबळी, सगळं नीट कापडात बांधलेलं. आमच्या पार्टीत तबला वाजवणारा कोणी नव्हता. मी घरी असायचे, आणि हाताला लागेल ते वाजवायची मला खोड होती, पाण्याची कोठी, सूप, धाकट्याची पाठ. बाबा म्हणाले, हिलाच शिकवा. शिकवणार कोण हा प्रश्नच निघाला नाही. घरात मामा होता.

मामाच्या ढोलकाबद्दल मी खोटं लिहिणार नाही. आजूबाजूच्या वीस गावांत असा हात नव्हता. लग्नात त्याचा ढोलक सुरू झाला की पंगतीतली माणसं घास हातात धरून बसायची. आणि तो शिकवायचाही मन लावून. काही माणसं टाळाटाळ करतात, अर्धंच सांगतात, तसा तो नव्हता. त्याच्याजवळ जे होतं ते सगळं त्याने मला दिलं, आणि तिथेच घोळ झाला, कारण त्याच्याजवळ जे होतं तो ढोलक होता. "चामडं थे चामडं," तो म्हणायचा. "ज्याले ढोलक येते त्याले सारं येते. तबला म्हणजे काय, मधातून कापलेला ढोलक." हे त्याला शंभर टक्के खरं वाटायचं. आम्हालाही वाटायचं. आमच्यातल्या कोणीही तबला शिकलेला माणूस जवळून पाहिलेला नव्हता.

तेव्हा मी तबला वाजवायचे तो असा. हात खांद्यातून उचलायचा आणि पंजा सगळाच्या सगळा खाली आणायचा. लाउडस्पीकरमध्ये ढोलकाच्या वरून तबला ऐकू यायला पाहिजे म्हणून मामा हातोडीने तो इतका चढवायचा की चामडं पत्र्यासारखं व्हायचं. त्या पत्र्याच्या काठावर माझी तर्जनी दिवसाला हजारदा पडायची. पहिल्या दोन महिन्यांत बोटाचा सांधा सुजला. मामाने तो दाबून पाहिला आणि खूश झाला. "हात पिकून राहिला तुह्या. नव्या ढोलकवाल्याचा हात असाच पिकते." त्याने आंबेहळद उगाळून लावली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. आज मला कळतं, की ढोलकापुरतं ते खरंच होतं. ढोलकवाल्याचा हात आधी दुखतो, मग घट्टे पडतात, मग दुखत नाही. मी घट्टे पडायची वाट पाहत दोन वर्षं काढली. पार्टीचं नाव होत होतं. "थे पोट्टी तबला वाजवते थेच पार्टी पाह्यजे," असं लोक बाबांना सांगून बोलवायचे. मला त्याचा गर्व होता. दुखतं असं दोनतीनदा सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

ओळखलं मायने. एका सकाळी मी थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकली आणि पाणी न फिरवता तशीच पाहत राहिली. भाकरी एका अंगाने जाड होती, दुसऱ्या अंगाने पातळ.

"हा हात कोनाचा व?"

"माह्या."

"तुह्या हात असा नोता."

तिने माझं मनगट धरून जरासं दाबलं. मी ओरडले नाही, पण तिने माझा चेहरा पाहिला. संध्याकाळी ती मामाला बोलली. मामा हसला. "बाई, मी तिले तबला वाजवाले शिकवून राहिलो, भाकर थापाले नाही." अकोल्याची स्पर्धा महिन्यावर आली होती. माय मग काही बोलली नाही. ढोलक म्हटलं की घरात मामाचा शब्द शेवटचा असायचा, आणि तबला हा आमच्या लेखी ढोलकच होता. माय तेव्हा गप्प बसली ही तिची चूक झाली, असं ती पुढे स्वतःच म्हणायची, आणि मीही नाही म्हणायचे नाही.

तर अकोल्याला बोट मिटलं. स्टेजमागे मला एका बाकावर बसवलं होतं आणि मामा माझ्या बोटाला तेल चोळत होता. परीक्षक तिघे होते. त्यांतला एक उंच, हाडकुळा, काळी टोपी घातलेला माणूस आपली खुर्ची सोडून सरळ मागे आला.

"चोळू नका," तो म्हणाला. "हाथ दिखा, बेटी."

त्याने माझा हात धरला नाही, खालून नुसता आधार दिला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग जाऊन तबला पाहून आला. काठाच्या चामड्यावर माझ्या बोटाच्या जागी काळा खड्डा पडला होता.

"हिला कोणी शिकवलं?"

मामा उठून उभा राहिला. "म्या शिकवलं. काहून?"

"आत्ता ढोलक तुम्हीच वाजवत होता?"

"हाव."

"असा ढोलक मी आयुष्यात चारदा ऐकला असेल." मामाची मान वर झाली. तो माणूस त्याच आवाजात पुढे म्हणाला, "तबला तुम्हाला येत नाही, भाऊ. एक बोलसुद्धा येत नाही. आणि जे येत नाही ते तुम्ही या पोरीच्या हातात भरलंत."

"चामडं थे चामडं, मास्तर," मामा म्हणाला.

"चप्पल पण चामड्याचीच असते. ती वाजवून पाहा."

कोरसमधला एक जण हसला. तो हसला नसता तर पुढचं कदाचित सोपं गेलं असतं. मामाने ढोलक उचलला आणि स्टेशनला निघून गेला. त्या माणसाने बाबांना आपलं नाव सांगितलं. हमीद मास्तर. इंदूरला आपल्या उस्तादांकडे अकरा वर्षं तबला शिकले, नंतर परीक्षा देत देत विशारद झाले, आणि अकोल्यातल्या मुलींच्या एका शाळेत फक्त तबला शिकवायचे. "आधी डॉक्टर," ते म्हणाले. "हात बरा झाला आणि हिची मर्जी असली, तर माझ्याकडे आणा." परतीच्या पॅसेंजरमध्ये मामा डब्याच्या दुसऱ्या टोकाला ढोलक मांडीवर घेऊन बसला. मायने बांधून दिलेली भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, त्याने खाल्ली नाही.

अमरावतीच्या डॉक्टरने बोट आणि मनगट पट्टीला बांधून ठेवलं, दीड महिना. पट्टी सोडताना म्हणाला, बोट वाचलं, पुन्हा तसंच वाजवलं तर वाचणार नाही. त्या दीड महिन्यात घरात कोणी तबल्याचं नाव काढलं नाही. जोडी कापडात बांधून वरच्या फळीवर गेली होती. मी खाली डाव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलायचे आणि फळीकडे पाहायचे. मला एकच भीती होती, की हे सगळे मिळून माझ्यासाठी काहीतरी ठरवतील आणि तबला तिथून पुन्हा खाली येणार नाही. पट्टी सुटली त्या संध्याकाळी तो विषय निघाला. बाबा म्हणाले, पुरे झालं, पोरीच्या जातीला हात पाहिजे, उद्या कोणाच्या घरी जायचं आहे. मामा म्हणाला, हात बसला की पुन्हा सुरू करू, पिकता पिकता थोडंफार होतंच. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मले तबलाच वाजवाचा हाय. पण बराबर."

माय शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "मले सांगा," ती बाबांना म्हणाली, "घराले चौकट बसवाची असली तं तुमी कोनाले बोलावता?"

"सुताराले."

"काहून? तुमाले हातोडा धरता येत नाही?"

"येते ना. पण लाकडाचं काम म्हणजे..."

मामा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी वळकटी आणि ढोलक घेऊन विहाराच्या ओसरीत राहायला गेला. दोन वेळा जेवायला यायचा, ताटाकडे पाहून जेवायचा आणि जायचा. माझ्याशी बोलायचा नाही. सकाळी भाकरी थापताना अंगणातून ढोलक येईना झाला, आणि मायचा ठेकाही बिघडला.

दर रविवारी सकाळी बाबा मला घेऊन बडनेऱ्याला जायचे आणि तिथून पॅसेंजरने अकोला. मूर्तिजापूरला गाडी थांबली की बाबा खाली उतरून चहा प्यायचे आणि गाडी सुटेपर्यंत मी घाबरून खिडकीतून त्यांच्याकडे पाहत असायचे. मास्तरांकडे काय द्यायचं घ्यायचं ते त्या दोघांनी ठरवलं, मला कोणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी जोडी बरोबर नेली होती. मास्तरांनी ती दारातच पाहिली आणि म्हणाले, "परत ने. तीन महिने दिसली नाही पाहिजे." मग आतल्या खोलीत हाक मारली. त्यांच्या बायकोने परातीत भिजवलेली कणीक आणून माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, इथेही पोळ्याच करायच्या आहेत.

"अनामिका इथे टेकव," मास्तर म्हणाले. "आता तर्जनीने मार. ठसा उमटला पाहिजे, खड्डा पडायला नको."

मी मारलं. बोट कणकेतून जाऊन परातीला लागलं. मास्तरांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "इससे तो रोटी अच्छी बनेगी," त्या म्हणाल्या. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तुझा हात वाईट नाही. तो ढोलकाचा हात आहे. ढोलकाला जोर खांद्यातून लागतो. तबल्याला बोट पडायच्या आधी उठायला शिकावं लागतं." मी दुपारपर्यंत कणकेवर बोट मारत बसले. ते माझ्या समोर बसायचेच नाहीत. मागे बसायचे, कधी बाजूला. पाठ वाकली, श्वास कोंडलास, कोपर अंगाला चिकटलं. पुढे तबला हातात आला तेव्हा तर ते तोंड फिरवून पान लावत बसायचे आणि तिकडूनच म्हणायचे, "अंगठा ताठ झाला." मी पाहायचे तर अंगठा खरंच ताठ झालेला असायचा. आवाजावरून त्यांना माझा अंगठा दिसायचा.

घरीही कणीकच. आमचं घर ज्वारीचं, गहू सणासुदीला. त्या तीन महिन्यांत माझ्या रियाजासाठी माय रोज मूठमूठ गहू काढायला लागली आणि भावंडांना रोज पोळी मिळायला लागली. धाकटा शेजारी सांगत सुटला की आमची वच्छी तबला शिकते म्हणून आमच्याकडे पोळ्या असतात. बोटाचा ठसा उमटायला मला सात आठवडे लागले. खांदा मध्येच उठायचा. दोन वर्षं जे पक्कं केलं होतं ते सोडवायला जास्त त्रास झाला, नवीन शिकायला तेवढा झाला नाही. मास्तर म्हणायचे, कोरी आली असतीस तर चार आठवड्यांत झालं असतं. ते तोंडावर बोलणारे होते. मला तसाच माणूस पाहिजे होता.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडे पाहिली. एका मुलीचा बाप आला आणि म्हणाला, हिला पेटी शिकवा. मास्तरांना पेटी चांगली येत होती, मी माझ्या कानांनी ऐकली होती. "वाजवतो. शिकवत नाही," ते म्हणाले, आणि कागदावर एका बाईंचा पत्ता लिहून दिला. तो बाप म्हणाला, दहा दहा परीक्षा पास करणाऱ्या मुली तुमच्याकडे येतात, तर सारेगमपसुद्धा नाही शिकवणार? मास्तरांनी पत्ता त्याच्या खिशात घातला. मी तेव्हा मनात म्हणाले, हा माणूस आमच्या घरात पाहिजे होता.

आता मी हे लिहीत असताना माझी नात बाहेरच्या खोलीत गिटार वाजवते आहे. ती अमरावतीला कॉलेजात आहे. सुरुवातीला ती मोबाईलसमोर बसून शिकायची. एक दिवस मी तिला मनगट झटकताना पाहिलं. विचारलं, दुखतं का. म्हणाली, आजी, व्हिडिओत सांगितलंय की सुरुवातीला दुखतंच. मी मोबाईल बंद केला आणि म्हणाले, त्यातला माणूस तुला दाखवतो, पण तुला पाहत नाही. तुझं मनगट कुठे वाकतंय हे त्याला कधीच कळणार नाही, तो तिकडे हसत बसलेला असतो. आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मग मीच अमरावतीत फिरून गिटार शिकलेली आणि गिटारच शिकवणारी एक बाई शोधून काढली. तिने पहिल्या दिवशी नातीची खुर्ची बदलली. दुखणं थांबलं. एका शाळेत मी पाहिलं, कवायतीचे सरच तबला, पेटी आणि चित्रकला शिकवतात. मुख्याध्यापक मला कौतुकाने सांगत होते, आमचे सर सगळं करतात. मी म्हणाले, तुमचा दात दुखला तर याच सरांकडून काढून घेता का? त्यांनी पुन्हा मला कार्यक्रमाला बोलावलं नाही. नाही तर नाही.

तर मामा. मास्तरांनी मला तबल्याला हात लावू दिला त्याला तीनचार आठवडे झाले असतील. एका रविवारी मी 'ना' हा एकच बोल वाजवत होते, नुसतं 'ना', आणि दारात सावली पडली. मामा ढोलक खांद्याला लावून उभा होता. आमच्याच गाडीने, दुसऱ्या डब्यातून आला होता. बाबांनाही माहीत नव्हतं.

"मी भांडाले आलो," तो मास्तरांना म्हणाला.

"या ना. बसा. आधी वाजवा, मग भांडू."

मामाला ते अपेक्षित नव्हतं. पण वाजवा म्हटल्यावर नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. तो बसला आणि अर्धा तास वाजवलं. काय वाजवलं. गल्लीतली माणसं खिडकीशी आली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हा शेवटचा ठेका मला शिकवा."

"तुमाले?"

"हो. मला तबला येतो. चामडं ते चामडं. हेही येईल."

त्यांनी ढोलक मांडीवर घेतला. मास्तरांचा ढोलक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि पुन्हा ऐकायची वेळ येऊ नये. त्यांची बोटं चामड्यावर नुसती नाचत होती, परातीत वाटाणे सांडल्यासारखा आवाज येत होता. मामा थोडा वेळ सहन करत बसला. मग मांडी बदलली. मग म्हणाला, "तसं नाही. हात वरून येऊ द्या." मास्तरांनी जोर लावला, पण तोही बोटांतूनच. "अहो, बोटं नोका नाचवू." मास्तरांनी आणखी जोर लावला. मनगट वाकडं झालं. मामाने पुढे होऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"थांबा ना बाप्पा. हा ढोलक हाय, तबला नोहे. हात मोडन तुमचा."

बोलला आणि मनगट धरून तसाच बसून राहिला. मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. बाबा खाली पाहत होते. मामाने आधी त्या मनगटाकडे पाहिलं आणि मग माझ्या बोटाकडे. चार महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"किती दिवस दुखत होतं तुले?"

"दोन वर्स."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. तुमी म्हनलं हात पिकून राहिला."

त्याने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मास्तरांना विचारलं, "आता हिचं बोट बराबर पडून राहिलं का?" मास्तर मला म्हणाले, "दाखव." मी 'ना' वाजवलं. मामाने ते कान देऊन ऐकलं. चामड्यावरचा चांगला आवाज कोणता हे त्याला कोणी सांगायला नको होतं, तेवढं त्याला सगळ्यांत जास्त कळत होतं. "आणखी एकदा," तो म्हणाला. मी पुन्हा वाजवलं. त्याने मान हलवली. गाडीत तो माझ्याजवळ बसला, मायच्या फडक्यातली भाकरी सोडली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि अर्धी मला दिली. बोरगाव गेल्यावर म्हणाला, "तुह्या मास्तर ढोलक लय खराब वाजवते."

"हाव," मी म्हणाले.

मास्तरांनी ते मुद्दाम केलं का, हे मी पुढे त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "मुद्दाम कसलं? मला खरंच येत नाही." ते खोटं बोलणारे नव्हते, म्हणून मी ते मान्य केलं. मामा त्याच आठवड्यात वळकटी घेऊन घरी परत आला. माझ्यासमोर त्याने कधी चूक झाली असं म्हटलं नाही, आणि मला ते ऐकायचंही नव्हतं. पण पुढे कोणी पोरगं किंवा पोरगी घेऊन त्याच्याकडे आलं, तर तो आधी विचारायचा, "काय शिकवाचं हाय, ढोलक का तबला?" तबला म्हटलं की माझ्याकडे बोट दाखवायचा. मीही माझ्याकडे ढोलक मागणारा आला की मामाकडे पाठवायचे. मास्तरांकडे मी सहा वर्षं शिकले, चौथी पास बाईला देता येतील तेवढ्या परीक्षा दिल्या, आणि लग्नानंतरही, भातकुलीतच दिली होती म्हणून, पार्टीत वाजवत राहिले. नवऱ्याला मी आधीच सांगितलं होतं. नंतर चाळीसेक वर्षं मुलींना तबला शिकवला. पहिले काही आठवडे सगळ्यांना कणीक. आया तक्रार करतात, मी ऐकत नाही.

त्या पहिल्या स्पर्धेनंतर दोन वर्षांनी त्याच अकोल्यात, त्याच हॉलमध्ये, आम्ही तेच गाणं घेऊन पुन्हा बसलो. तिसरं कडवं आलं तेव्हा मामाने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त ढोलक थोडा खाली घेतला, तबला ऐकू यावा म्हणून. कडवं गेलं. आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या नंबरची पार्टी आमच्यापेक्षा चांगली होती.

त्या पहिल्या दुपारी स्टेजवर आम्ही सहा जण होतो. बाबा गेले, पेटीवाले काका गेले, कोरसचे दोघेही गेले. मामा मागच्या उन्हाळ्यात गेला, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत वाजवत होता. राहिलेली मी. वत्सला, राहणार भातकुली. थंडीत मनगट दुखतं. भाकरी मीच थापते. बोट उघडतं.